कानांवर हात कोणी ठेवले?

'कानांवर हात ठेवणे' हा वाक्प्रचार आपण मराठी माणसे जबाबदारी झटकणाऱ्यासाठी वापरतो. मामला अंगावर आला की 'मला त्यातले काही ठाऊक नाही' म्हणून हात वर करणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी तो ठीकच आहे. पण दोन्ही तळहात खरोखरीच कानांवर घट्ट दाबून, डोळे मिटून, भिंतीशी अंग चोरून बसलेले मूल ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा वाक्प्रचार पुन्हा हसत वापरता येणार नाही. मी असे मूल पाहिले आहे. एवढेच नव्हे, तर त्याचे ते हात मी माझ्या हातांनी ओढून काढले आहेत. त्या गोष्टीला सात वर्षे झाली. आज ती सांगतो आहे, ती केवळ मनावरचे ओझे उतरावे म्हणून नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आज असे एखादे मूल असेल, आणि त्याच्याशी आपण कसे वागतो हा प्रश्न मला आता गाण्याच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटू लागला आहे.

पादऱ्यात मी संध्याकाळी गाण्याचा वर्ग घेतो. ज्यांचे पणजे गायकवाडी अमदानीत वहिवाटदार कचेरीत कारकून किंवा शिरस्तेदार म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले, अशी थोडी मराठी घरे इथे आहेत. त्यांची मुले येतात, तशी शेजारपाजारची गुजराती मुलेही येतात. अशाच एका जुन्या घरातल्या आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. मुलगा आठ वर्षांचा, अंगाने काटकुळा, डोळ्यांत तेज. आजी म्हणाल्या, "गुरुजी, याला जरा वळण लावा. घरात कुकरची शिटी झाली की हा पलंगाखाली. नवा सदरा घातला की मानेपाशी टोचतो म्हणून रडणं. वरणभाताखेरीज पानात काही चालत नाही. लाडावलाय, दुसरं काही नाही."

मी पेटी पुढे ओढली, भाता हलवला आणि षड्ज धरला. त्याबरोबर मुलाने कान झाकले. बाकीची मुले खुदखुदून हसली. मला तो माझा अपमान वाटला; त्याहून अधिक माझ्या पेटीचा वाटला. "गाणं शिकायला आलास की कान झाकायला?" असे म्हणून मी त्याचे हात धरले आणि खाली ओढले. तो किंचाळला, माझ्या मनगटाला कडकडून चावला आणि अनवाणी रस्त्यावर धावत सुटला. रस्ता वाहता होता. काही बरेवाईट झाले नाही हे केवळ नशीब. एका भाजीवाल्याने त्याला आपल्या हातगाडीखालून बाहेर काढला, तेव्हा तो थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील माझ्याकडे आले आणि त्यांनीच माझी माफी मागितली. ती माफी मी स्वीकारली! आज मला लाज वाटते ती त्याची. मुलाचे हात ओढले हे अज्ञान म्हणून एक वेळ सोडून देता येईल. पण ज्याने क्षमा मागायची त्याने दुसऱ्याची क्षमायाचना ऐकून घेतली आणि वर "होतं असं, मुलांचं ऐकू नये फार" असा उपदेश केला, याला अज्ञान म्हणत नाहीत. पुढे वर्षभर मी चारचौघांत सांगत असे, की त्या घरात सूर उतरलेला नाही.

दीड वर्षाने बसस्थानकावर त्या मुलाची आई भेटली. आठवड्यातून दोनदा मुलाला घेऊन ती बडोद्याला जात होती. मी विचारले, "दवाखाना?" ती म्हणाली, "दवाखाना म्हणा, नाहीतर खेळण्याची खोली म्हणा. तिथं झोपाळा आहे, उशांचे डोंगर आहेत, तांदळाने भरलेली घमेली आहेत. बाई त्याला खेळवतात आणि मला शिकवतात." मग बस येईपर्यंत तिने जे सांगितले, ते मला माझ्या संगीताच्या शिक्षणात कोणी सांगितले नव्हते. खरे तर ते प्रथम मलाच कळायला हवे होते.

आपण लहानपणी पाच ज्ञानेंद्रिये शिकलो. शरीरशास्त्र त्यांत आणखी भर घालते. कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कलले, फिरले, अंगाला झोका बसला, की त्याची वर्दी त्या देतात. आपला तोल त्यांच्यावर उभा असतो. स्नायू आणि सांधे हेही एक प्रकारचे इंद्रियच. हात कुठे आहे, बोटे किती जोराने दाबत आहेत, हे डोळे मिटूनही आपल्याला कळते ते त्यांच्यामुळे. पोटातली भूक, छातीतली धडधड, लघवीची जाणीव या आतल्या खबरांचा मार्ग आणखी वेगळा. या साऱ्या वाटांनी क्षणोक्षणी मेंदूकडे वर्दी येत असते, आणि मेंदूचे मोठे काम म्हणजे त्यांतले बहुतेक सोडून देणे. अंगावरचा सदरा आपल्याला दिवसभर जाणवत नाही तो एवढ्यासाठीच. पंख्याची घरघर चालू असतानाही शेजारच्याचे बोलणे आपण ऐकतो तेही एवढ्यासाठीच.

काही माणसांत ही निवड नीट होत नाही. एखाद्याला शिवण टोचते ती सुईसारखी, शिटी ऐकू येते ती कानाशी फटाका उडाल्यासारखी. दुसऱ्याला उलट काही पुरेसे पोहोचतच नाही. म्हणून तो दिवसभर उड्या मारतो, भिंतीला अंग घासतो, गोल गोल फिरतो, आणि आपण त्याला 'द्वाड' म्हणतो. तिसऱ्याच्या हाताला किती जोर लावायचा याचा अंदाज येत नाही. पेन्सिल मोडते, दुधाचा पेला सांडतो, आणि तो 'वेंधळा' ठरतो. एकाच मुलात एका इंद्रियाचा अतिरेक आणि दुसऱ्याची उणीव असेही असू शकते. 'हट्टी', 'नखरेल', 'द्वाड', 'वेंधळा' हे आपल्या घरोघरचे शब्द कितीदा तरी अशा मुलांच्या कपाळी चिकटलेले असतात.

तंबोऱ्याची जवारी ज्यांनी लावली आहे त्यांना हे लवकर समजेल. तार तीच, लाकूड तेच, भोपळा तोच. पण घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुताचा धागा केसभर इकडेतिकडे झाला, की एक तर तार मुकी होते किंवा सारखी झणझणत राहते. जाणता माणूस अशा वेळी तारेला दोष देत नाही आणि जोरजोराने छेडतही नाही. धागा बोटाने हलकेच सरकवतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. तंबोऱ्यापुढे एवढा धीर धरणारा मी, आठ वर्षांच्या मुलापुढे मात्र एक क्षणही थांबलो नाही.

हे सारे ज्या शास्त्रात बसते त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत व्यवसायोपचार असा शब्द आहे. तो थोडा फसवा आहे. व्यवसाय म्हटला की आपल्याला दुकान नाहीतर नोकरी आठवते. इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्याने भरतो ते सर्व: अंघोळ, कपडे, जेवण, खेळ, शाळा, झोप, मित्र. दुखण्याने किंवा जन्मजात अडचणीने यांतले जे अडले असेल ते पुन्हा माणसाच्या हाती यावे, यासाठी हे उपचार असतात. ते प्रथम मनोरुग्ण, लढाईत जखमी झालेले सैनिक यांच्यासाठी वाढले. लहान मुलांच्या इंद्रियसंवेदनांचा विचार त्यात मुख्यतः आणला तो अमेरिकेतल्या जीन एअर्स या बाईंनी. त्या स्वतः व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या. १९७२ साली त्यांचा या विषयावरचा ग्रंथ निघाला आणि पुढे जगभर त्यांची पद्धत पसरली.

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट यात आहे. हिंदुस्थानातले व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाले, आणि ते काढणाऱ्या बाई मराठी घरच्या सून होत्या: कमलाबाई निंबकर. माहेरच्या त्या अमेरिकन. निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. या व्यवसायातल्या मंडळींची अखिल भारतीय संघटना १९५२ मध्ये उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणला आज त्यांच्या नावाची शाळा आहे. फलटण हेही आपल्यासारखेच एके काळचे संस्थान. दूर देशाहून आलेल्या एका सुनेने जी विद्या आपल्या भाषेच्या मुलखात पाऊणशे वर्षांपूर्वी आणून रुजवली, तिचे नाव आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? मला तरी ठाऊक नव्हते.

आता या विद्येचा गवगवा करताना खरे तेही सांगितले पाहिजे. नाहीतर गंडेदोरे विकणाऱ्यांत आणि माझ्यात फरक राहणार नाही. 'संवेदनांची अडचण' हा स्वतंत्र आजार म्हणून मानसशास्त्राच्या प्रमाण यादीत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची जी सूची २०१३ साली सुधारून निघाली, तिच्यात स्वमग्नतेच्या लक्षणांत या अतिसंवेदनेचा आणि अल्पसंवेदनेचा समावेश केला आहे, पण वेगळे नाव दिलेले नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली आपल्या सभासदांना सांगितले, की हे नाव निदान म्हणून सहसा लावू नका. हे उपचार इतर उपायांच्या जोडीने एक भाग म्हणून घ्यायला हरकत नाही, पण पुरावा अजून मर्यादित आहे हे आईबापांना स्पष्ट सांगा. २०१४ साली अमेरिकेत स्वमग्न मुलांवर एक लहानसा प्रयोग झाला, बत्तीसच मुलांचा. त्यात ठरवलेली उद्दिष्टे गाठण्यात उपचार घेतलेली मुले पुढे दिसली. पुढे ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. मुलांच्या चिडचिडीत आणि अस्वस्थतेत नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा फारसा फरक त्यात आढळला नाही, मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापली जी रोजची उद्दिष्टे ठरवली होती त्यांत आईबापांना प्रगती वाटली.

म्हणजे काय समजायचे? मी असे समजतो: झोपाळ्यावर बसवून मेंदू नव्याने घडवतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे, आणि 'महिनाभर या, मूल बरे करून देतो' म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करावा. पण मुलाला नेमके काय सोसत नाही हे जो शोधतो, दात घासणे, सदरा घालणे, वर्गात अर्धा तास बसणे अशी छोटी उद्दिष्टे आईबापांच्या बरोबर बसून ठरवतो, ती साधली की नाही हे काही आठवड्यांनी तपासतो आणि साधली नाहीत तर रीत बदलतो, त्याच्याकडे जावे. चांगला गुरू आणि वर्षानुवर्षे एकच पलटा घोटून घेणारा मास्तर यांत जो फरक, तोच इथेही. शिवाय कान, डोळे, एकूण प्रकृती डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावी. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो कधी कधी नुसता कानाचा ठणकाही असू शकतो.

त्या आईला जे सांगितले गेले त्यातले बरेचसे तर घरातलेच होते. शाळेआधी पंधरा मिनिटे झोपाळा, पण सावकाश आणि एकाच दिशेने. कणीक मळायला देणे. पाण्याची भरलेली बादली अंगणात नेऊन झाडांना घालणे. कारण जोर लावण्याचे काम केले की पुष्कळ मुलांचे अंग शांत होते. सदऱ्याच्या मागची चिठ्ठी उसवून टाकणे. कुकर लावण्याआधी "आता तीन शिट्या होणार" असे त्याला सांगणे, म्हणजे तो स्वतःच अंगणात जाऊन बसेल. नवा पदार्थ पानात नुसता वाढणे. आधी बघू दे, मग वास घेऊ दे, खाण्याची सक्ती नको. आपल्या बडोद्याकडच्या जुन्या घरांतून ओसरीवर झोपाळा असतोच. आपल्या आज्या रडक्या मुलाला त्यावर घेऊन बसत, त्याला घट्ट कवटाळत, एका लयीत हलवत. त्यांनी ग्रंथ वाचला नव्हता. पण त्यांच्यात उतावीळपणा नव्हता.

इथे मला माझ्या वडिलांविषयी लिहिले पाहिजे. ते गायकवाड सरकारच्या पदरी सनई वाजवीत. सतराव्या वर्षी नोकरीत लागले, आणि १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा विशीत होते. आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँसाहेबांना त्यांनी त्या चार वर्षांत समोर बसून ऐकले होते. मी त्यांना पन्नाशी उलटल्यावर झालो; म्हणून मला आठवतात ते थकलेले, पण जरबेचे. घरात पितळी भांडे फरशीवर पडले तर त्यांच्या चेहऱ्यावर वेदना उमटे. दरबारी पोशाखाची जर त्यांना टोचे; ते आत मलमलीची जुनी, धुऊन मऊ झालेली बंडी घालीत आणि नवी कधीच घालीत नसत. लग्नाच्या पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठून जात. लोक म्हणत, "कलावंत आहेत, विक्षिप्त असायचेच." कोणी त्यांना कधी हट्टी म्हटले नाही, की कोणी त्यांचे हात ओढले नाहीत.

गेलेल्या माणसावर आज निदानाची चिठ्ठी चिकटवण्याचा मला अधिकार नाही, आणि ते मी करीतही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की कलावंताला आपण जे माफ करतो ते मुलाला करीत नाही. माझ्या वडिलांच्या हाती सनई होती, म्हणून त्यांच्या कानाला मान होता. त्या मुलाच्या हाती काही नव्हते, म्हणून त्याच्या कानाला शिक्षा मिळाली. आणि बायकांना तर तेवढीही सूट मिळाली नाही. माझ्या नात्यातल्या एक काकू लग्नात मिळालेला भरजरी शालू एकदाच नेसल्या, नंतर कधी नाही; गर्दीच्या स्वयंपाकघरात त्यांना भोवळ येई. सासरी त्यांना जन्मभर 'नखरेल' हेच नाव होते. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या पेटीत निघाली ती सगळी धुऊन विरलेली सुती लुगडी. ही अडचण लहानपणाबरोबर संपतेच असे नाही. पुष्कळ मोठी माणसे ती मुकाट्याने वागवीत असतात.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' होते, वर लिहिले ते आमच्याच वेळचे, आमच्याच घरातले. पण तेव्हा वाड्यात अंगण होते, माडी होती, जिन्याखालचा अंधारा कोपरा होता. मूल जाऊन बसे. आज दोन खोल्यांत दूरदर्शन संच, मिक्सर, भ्रमणध्वनी आणि खिडकीखालचे भोंगे एकदम वाजतात आणि पळायला जागा नसते. दुसरा, 'हे लाड आहेत. जग काही त्याच्यासाठी थांबणार नाही.' खरे आहे. म्हणूनच तर त्याला जगात उभे राहायला शिकवायचे. पण शिकवण्याचीही लय असते. नवशिक्याला पहिल्याच दिवशी द्रुत लयीत तान घ्यायला लावणारा मास्तर शिष्याला कणखर करीत नाही, त्याचा गळा बसवतो. तिसरा आक्षेप असा, की हा सारा पैसेवाल्यांचा खेळ आहे. हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि तोच या लेखाचे खरे कारण आहे.

त्या मुलाची आई आठवड्यातून दोनदा पादऱ्याहून बडोद्याला जाई. जाणे-येणे, थांबणे, मुलाला गर्दीच्या बसमध्ये सांभाळणे. आणि बसमधला कर्णा, धक्काबुक्की, घामाचा वास हे सारे त्या मुलाला सर्वांत असह्य. म्हणजे उपचारापर्यंत पोहोचेतो तो अर्धा मोडून जाई. वडिलांची कमाई होती म्हणून एवढे तरी जमले. त्याच तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलाने काय करावे? सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी करून वाढीच्या अडचणी लवकर ओळखाव्यात आणि जिल्ह्याच्या केंद्रात पाठवाव्यात, अशी त्याची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार गणले आहेत. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आहेत. नुसत्या संवेदनांच्या अडचणीचे नाव त्या यादीत नाही, म्हणून ज्या मुलाला दुसरे काही निदान नाही ते कागदावर कुठेच बसत नाही. २०२१ साली आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी जो कायदा झाला, त्यात व्यवसायोपचारही आला, ही चांगली गोष्ट. पण कायदा बसमध्ये बसून गावात येत नाही. त्याला आणावे लागते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढून गाणे सामान्य मुलांना खुले केले. आपण त्याचा अभिमान सांगतो, सांगावाच. पण प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे, या वचनाचा अर्थ आज एवढाच उरतो का, की मूल दारापर्यंत आणून सोडावे? घंटेच्या दणक्याने जो दचकून बाकाखाली जातो, त्याच्यापुरती ती शाळा अजून उघडलेली नाही. त्याला हवे असते फार थोडे: घंटेपासून दूरचे बाक, दोन तासांच्या मध्ये अंगण एकदा चालून येण्याची मुभा, आणि त्याला न हसणारा एक शिक्षक.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस व्यवसायोपचारतज्ज्ञ बसावा, आणि तो शिक्षकांना व अंगणवाडीच्या ताईंनाही शिकवावा. कारण मूल त्याच्याकडे तासभर असते आणि आपल्याकडे दिवसभर. आपल्या मंडळांनी, ज्ञातीच्या संस्थांनी शिष्यवृत्त्या देताना या प्रवासखर्चाचाही विचार करावा. आणि तिसरी मागणी मी वाजवणाऱ्याचा मुलगा म्हणून करतो, तेव्हा कोणी मला उत्सवाचा वैरी समजू नये. गणपती आणि नवरात्र ही बडोदे प्रांताची शोभा. पण २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता म्हणतात. आपण प्रत्यक्षात काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. नगारखानाही मोठाच वाजे. पण तो वेशीच्या उंचीवरून, मोकळ्या आभाळात आणि ठरल्या वेळी वाजे. केव्हा वाजणार आणि केव्हा थांबणार हे लहान मुलालाही ठाऊक असे. ज्यांना आवाज सोसत नाही त्यांना आवाजाइतकाच त्याचा अवचितपणा छळतो. मिरवणुकीची वेळ आणि वाट आधी जाहीर करा, तिच्यातला एक टप्पा नुसत्या टाळ-झांजांचा ठेवा, भिंतीएवढे भोंगे खिडक्यांशी भिडवू नका. देवाला यात काही उणे पडणार नाही.

तो मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. आईबरोबर तो पुन्हा माझ्याकडे आला, तेव्हा मी वाकून त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. पहिले काही महिने तो ओटल्यावरच बसे, दहा मिनिटे, मग उठून जाई. मी पेटी आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि नुसत्या तंबोऱ्यावर शिकवू लागलो. एके दिवशी त्याने आपणहून सांगितले, "गुरुजी, पेटीच्या आत कुणीतरी ओरडतं. तंबोऱ्याच्या आत कुणी ओरडत नाही." गाणे तो अजून फारसे गात नाही, कदाचित गाणारही नाही, चमत्काराची गोष्ट ऐकायला जे थांबले असतील त्यांची निराशा होईल. अजून फटाक्यांच्या दिवसांत तो घराबाहेर पडत नाही. पण गेल्या वर्षापासून तो पूर्ण तास आत बसतो, आणि कधी कधी तंबोरा लावताना खर्जाची तार उतरली आहे हे माझ्याआधी त्याला कळते. त्या घरात सूर उतरलेला नाही असे मी ज्याच्याविषयी सांगत फिरलो, तो हा मुलगा!

असो. आपल्या घरात, आळीत, वर्गात असे कोणी कान झाकून बसलेले दिसले, तर त्याचे हात ओढू नका. आधी आवाज कमी करा, मग शेजारी बसा, मग विचारा. त्या मुलाने कानांवर हात ठेवले ते त्याला फार ऐकू येत होते म्हणून. आम्ही वडीलधाऱ्यांनी इतकी वर्षे जे ठेवले होते, ते मात्र ऐकायचे नव्हते म्हणून. ते आता काढले पाहिजेत.